भाषेचा दोष की फ्रेमवर्कचा? पायथन आणि जँगो शेजारी ठेवून बघू

नव्या प्रोजेक्टची बोलणी सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो : 'पायथनमध्ये करायचं, लाराव्हेलमध्ये की नोडमध्ये?' ही तुलनाच होऊ शकत नाही. पायथन ही भाषा, लाराव्हेल हे पीएचपी या भाषेतलं फ्रेमवर्क, म्हणजे साइट उभी करायचा तयार सांगाडा, आणि नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा रनटाइम, म्हणजे कोड चालवणारा प्रोग्राम. कॉलेजच्या प्रोजेक्टला हा घोळ खपून जातो. पण साइट लाइव्ह गेली, लोकांचे पैसे आणि माहिती तिच्यातून फिरायला लागली, की कुठलं दुखणं भाषेचं आणि कुठलं फ्रेमवर्कचं हे कळलंच पाहिजे. नाहीतर चुकीच्या जागी इलाज करण्यात टीमचे महिने जातात.

पायथन ही भाषा आणि तिच्यातलं जँगो हे फ्रेमवर्क, ही जोडी घेऊ. गीडो व्हॅन रॉसम यांनी पायथन १९९१ साली लोकांसमोर आणली, तेव्हा वेब जेमतेम सुरू होत होतं. भाषा म्हणून तिला वेबशी काही देणंघेणं नाही. शास्त्रज्ञ तीच वापरतात, सर्व्हर सांभाळणारेही तीच वापरतात. जँगो मात्र वेबसाठीच जन्मलं, तेही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकाच्या वेब विभागात. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी त्याची सुरुवात केली आणि २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. वर्तमानपत्रात पान त्याच दिवशी उभं करावं लागतं आणि मजकूर भरणारा माणूस प्रोग्रामर नसतो. जँगोचं तयार अ‍ॅडमिन पॅनेल, म्हणजे कोड न लिहिता मजकूर भरायची पानं, त्या गरजेतून आलं आहे.

खरा फरक आहे तो कोण कोणाला बोलावतं यात. साध्या पायथन स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीपासून सूत्रं तुमच्या हातात असतात. जँगोमध्ये रिक्वेस्ट (ब्राउझरची मागणी) आली की ते तिला मिडलवेअर नावाच्या मधल्या टप्प्यांमधून नेतं, यूआरएल जुळवतं आणि मग तुमच्या व्ह्यूला, म्हणजे उत्तर तयार करणाऱ्या तुमच्या कोडला, हाक मारतं. रस्ता त्याने आखलेला असल्यामुळे त्यावरचे पहारेही त्यानेच बसवलेले असतात. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) आलेलं धोकादायक एचटीएमएल ते निष्प्रभ करतं, फॉर्म दुसऱ्याच साइटने तर पाठवला नाही ना हे बघायला सीएसआरएफ टोकन तपासतं, पासवर्ड हॅश करून, म्हणजे उलट वाचता येणार नाही अशा रूपात, ठेवतं. पायथनला यातलं काहीच ठाऊक नाही. ग्राहकाने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा जोडून तुम्ही एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला द्यायचा आदेश) बनवलीत, आणि त्या मजकुरातून कोणी घातक आदेश घुसवला, तरी भाषा हरकत घेणार नाही. म्हणून 'पायथन सुरक्षित आहे का' या प्रश्नाला मी तरी उत्तर देत नाही. कुठलं फ्रेमवर्क, त्याची कुठली आवृत्ती आणि त्याचे पहारे तुम्ही कुठे बंद केलेत, ते आधी विचारतो.

आता वेगाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. ऑर्डरींची यादी दाखवणारं एक पान घ्या. त्यावर १०० ऑर्डरी आणि प्रत्येकीपुढे ग्राहकाचं नाव. जँगोच्या ओआरएमने, म्हणजे पायथन कोडवरून क्वेरी बनवणाऱ्या भागाने, ऑर्डरी एका क्वेरीत आणल्या. पण टेम्प्लेटच्या लूपमध्ये 'ऑर्डरचा ग्राहक, त्याचं नाव' असं लिहिलं की प्रत्येक फेरीला एक नवी क्वेरी जाते. एकूण १०१. एका क्वेरीला जाऊन-येऊन २ मिलिसेकंद धरले, तरी नुसत्या वाट बघण्यात साधारण २०० मिलिसेकंद गेले. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर पाचदहाच ऑर्डरी असतात, म्हणून तिथे हे जाणवत नाही. लाइव्ह डेटावर पान रेंगाळतं आणि मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, 'पायथन स्लो आहे, गो या भाषेत लिहू.' गोमध्ये लिहून लूपमध्ये त्याच १०१ क्वेरी टाकल्यात, तर पान तिथेही रेंगाळेल. इलाज एका शब्दाचा आहे : क्वेरीला 'सिलेक्ट रिलेटेड' जोडा, ऑर्डरी आणि ग्राहक यांची टेबलं डेटाबेसमध्येच जोडली जाऊन (जॉइन होऊन) सगळं एका फेरीत येतं. रूबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्कमध्ये हाच आजार आहे, पीएचपीच्या लाराव्हेलमध्येही आहे. भाषा तीन, दुखणं एकच. जँगो डीबग टूलबार (पानामागे किती क्वेरी गेल्या ते दाखवणारं साधन) लावून क्वेरींचा आकडा बघितल्याशिवाय भाषा बदलण्याचा विषय काढूच नये, असं माझं ठाम मत आहे.

पायथनची स्वतःची मर्यादा मात्र आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. तिच्या नेहमीच्या इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे पायथन कोड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जीआयएल नावाचं कुलूप असतं. त्यामुळे एका प्रोसेसमधल्या अनेक थ्रेडपैकी (एकाच प्रोग्राममधल्या समांतर कामांपैकी) एका वेळी एकच थ्रेड पायथन कोड चालवतो. (ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत कुलूपाशिवायचा बिल्ड प्रायोगिक म्हणून आला.) डेटाबेसची वाट बघताना हे कुलूप सुटतं, त्यामुळे साध्या पानांना फारसं अडत नाही. जड आकडेमोड रिक्वेस्टमध्येच करायला गेलात तर अडतं. मग गनिकॉर्न या सर्व्हरचे वर्कर, म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेस, वाढवायचे, आणि प्रत्येक वर्कर आपली वेगळी मेमरी खातो. किंवा ते काम सेलरीकडे (रिक्वेस्टबाहेर कामं चालवणाऱ्या साधनाकडे) सोपवून बाजूला चालवायचं. इथे जँगो सोडून फ्लास्क किंवा फास्टएपीआय ही पायथनमधली दुसरी फ्रेमवर्क घेतलीत तरी कुलूप तेच राहतं, कारण भाषा तीच आहे. फ्लास्कमध्ये ओआरएम आणि लॉगिन मात्र तुम्हाला वेगळं निवडून जोडावं लागेल.

दोघांची कॅलेंडरंही वेगळी आहेत. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते आणि तिला पाच वर्षं आधार मिळतो. जँगोची नवी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी येते, आणि एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधाराच्या, आवृत्तीला तीन वर्षं आधार असतो. जँगो ३.२ चा आधार एप्रिल २०२४ मध्ये संपला, पायथन ३.८ चा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. ही जोडी अजून चालवणाऱ्यांनी दोन्हींच्या आवृत्त्या एकदम बदलू नयेत, कारण काही मोडलं तर कोणामुळे मोडलं हे कळणार नाही. आधी जँगो ४.२ वर जा. ते पायथन ३.८ वरही चालतं आणि ३.१२ वरही. टेस्ट पास झाल्या की त्याच जँगोखाली पायथन ३.१२ आणा. तिथे डिस्टयुटिल्स हे पॅकेजं बांधायचं जुनं साधन काढून टाकलं आहे, त्यामुळे जुनी पॅकेजं पडली तर दोष भाषेच्या बदलाचा, हे लगेच समजेल. ती दुरुस्त केलीत की मग जँगो ५.२ ला हात घाला. त्याला एप्रिल २०२८ पर्यंत आधार आहे.