आठ तास सैल पडलेली पोटरी

खुर्चीत बसल्या बसल्या एक हात खाली नेऊन पोटरीवर ठेवा. पाऊल जमिनीला पूर्ण टेकलेलं असेल तर पोटरी हाताला मऊ, सैल लागेल. आता हात तसाच ठेवून चवड्यावर जोर द्या आणि टाच उचला. हाताखालचा मांसाचा गोळा लगेच टणक होतो. टाच टेकवली की पुन्हा सैल. कामाच्या दिवशी आपली पोटरी बहुतेक वेळ याच सैल अवस्थेत पडून असते. बैठ्या कामाचा तोटा कुठून सुरू होतो ते इथे हाताला कळतं.

जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. त्यासाठी 'ग्लूट-४' नावाची प्रथिनं स्नायूपेशीच्या आतून तिच्या आवरणावर यावी लागतात. ही साखरेला आत घेणारी दारंच म्हणा ना. इन्सुलिनच्या सांगण्यावरून ती वर येतात, हे अनेकांना माहीत असतं. पण स्नायू आकुंचन पावला की इन्सुलिनची वाट न पाहताही ती वर येतात. टाइप-२ मधुमेहात स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, तेव्हाही ही दुसरी वाट बऱ्यापैकी शाबूत असते. या साऱ्या विषयात मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट हीच वाटते.

पोटरीचं आणखी एक काम आहे. पायांतलं रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवायचं असतं. पोटरी आवळली की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. हा पंप तासन्‌तास थांबला की द्रव खाली साचतो. संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्याच्या वर खोल वळ दिसतो, तो बरेचदा त्याचाच.

मग किती हललं म्हणजे पुरे? ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या १९ जणांना साखर आणि स्निग्धांश असलेलं पेय देऊन पाच तास बसवलं. एके दिवशी सलग, आणि दुसऱ्या दिवशी दर २० मिनिटांनी उठून दोन मिनिटं सावकाश चालत. चालण्याच्या दिवशी रक्तातल्या साखरेची वाढ सुमारे २४ टक्क्यांनी कमी भरली. तिसऱ्या दिवशी चाल थोडी वाढवली, तेव्हा हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे मोठा फरक पडला तो उठल्यामुळे, वेगामुळे पडला तो थोडाच. पुढे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कीथ डायझ यांच्या गटाने किती वेळाने किती चालायचं याचे वेगवेगळे हिशेब लावून पाहिले. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखरेची उसळी निम्म्याहून कमी झाली. रक्तदाब मात्र तासाला एक मिनिट चालूनही उतरला. दोन्ही प्रयोग मोजक्या माणसांवरचे आहेत, हे लक्षात ठेवावं. पण दिशा दोघांचीही एकच आहे.

या विषयाचा अभ्यास सुरू झाला तो लंडनच्या दुमजली बसमधून. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली चालक आणि वाहकांची तुलना मांडली. चालक दिवसभर बसलेला, तर वाहक एका पाळीत सुमारे ६०० पायऱ्या चढणारा. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. मात्र मॉरिस तिथेच थांबले नाहीत. गणवेशांची मापं तपासली तेव्हा तरुण चालकांच्या विजारीही कमरेला जास्त रुंद निघाल्या. म्हणजे नोकरीत येतानाच दोन्ही गटांत फरक असू शकतो, ही शंका त्यांनी स्वतःच पुढे आणली. स्वतःच्या निष्कर्षाला असं स्वतःच हलवून पाहणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

कार्यालयात बसणाऱ्यांसाठी खरी सुटका २०२० साली झाली. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना आधीपासून सांगत होती. पण २०१० च्या सूचनांमध्ये एक अट होती, की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल त्यात धरायची नाही. २०२० मध्ये ही अट काढली. आता दोन मिनिटांचा जिनाही जमेला लागतो. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या, व्यायाम करत नाही असं सांगणाऱ्या २५ हजारांवर लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दिवसातून तीन वेळा, एक-दोन मिनिटंच का होईना, धाप लागेल अशी हालचाल करणाऱ्यांमध्ये पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही. तरीही झपाझप जिना चढायला याहून चांगलं निमित्त मला माहीत नाही.

नुसतं उभं राहून काम करण्याबद्दल मी फारशी उत्साही नाही. बसण्यापेक्षा उभं राहायला मिनिटाला सुमारे ०.१५ किलोकॅलरी जास्त लागते, म्हणजे सहा तासांत जेमतेम ५४. आणि तासन्‌तास एका जागी उभं राहून शिरांचा त्रास वाढतो. पोटरी आवळली-सैल झाली पाहिजे.

दर तासाला घड्याळ वाजवून घ्यायचा उपाय बहुतेकांचा चार दिवस टिकतो. कारण घड्याळ वाजतं ते नेमकं काम रंगात आलेलं असताना. त्यापेक्षा आधीच घडणाऱ्या गोष्टीला चालणं बांधून टाकावं. फोन आला की उठायचं आणि बोलणं संपेपर्यंत चालायचं. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवायची, म्हणजे भरायला सारखं जावं लागतं. स्वच्छतागृह एक मजला वरचं वापरायचं. सहकाऱ्याला संदेश पाठवण्याऐवजी त्याच्या टेबलापर्यंत जायचं. सवय मुरायला वेळ लागतो. लंडनमधल्या २००९ च्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ दिवसांत जमलं, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात विसर पडला म्हणून सोडून देऊ नका.

या तुकड्यांनी खऱ्या व्यायामाची गरज मात्र संपत नाही. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१६ च्या विश्लेषणात, दिवसाला आठ तासांहून जास्त बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका पुसला गेला तो रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम करणाऱ्यांचा. एवढा वेळ सगळ्यांना मिळत नाही, हे मी जाणते. त्याहून कमी केलं तरी फायदा होतोच. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काही हवं, आणि ते खुर्चीजवळच करता येतं.

खुर्ची भिंतीला टेकवा, चाकांची असेल तर दुसरी घ्या. हात छातीवर घ्या आणि हातांचा आधार न घेता उठा. बसताना मनात पाच आकडे मोजत सावकाश खाली या, कारण मांडीचा कस लागतो तो उतरताना. गुडघे किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. असं पाच वेळा करा. पाचव्यांदा उठल्यावर मात्र लगेच बसू नका, तशाच बाटली घेऊन पाणी भरायला जा.