पार्श्वभूमी : सोलापूरची सेटलमेंट आणि तारेपलीकडची माणसे

दुसऱ्याचे जगणे आपल्याला खरेच कळते का, हा प्रश्न सोलापुरात विचारायचा तर सेटलमेंटचा इतिहास आधी पाहावा लागतो.

१८७१मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. तर्क असा की, इथे धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, म्हणून गुन्हेगाराचा मुलगाही गुन्हेगारच होणार. १९११पासून हा कायदा देशभर लागू करता येऊ लागला. पुढे सोलापुरात टकारी, कैकाडी, पारधी, कंजारभाट कुटुंबे तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. हीच ती सेटलमेंट. गिरण्यांना मजूर हवेच होते. भोंग्यावर कामाला जायचे, परत आले की हजेरी द्यायची, बाहेरगावी जायला पास घ्यायचा. ज्याने कधी कुणाची काडी उचलली नाही, त्यालाही हेच.

सरकारकडे माहितीला तोटा नव्हता. नावे, बोटांचे ठसे, कोण कुठे गेला, सगळे रजिस्टरात होते. पण रेल्वे आल्यावर बैलांच्या पाठीवरची मालवाहतूक बसली, जंगल कायद्यांनी शिकार बंद केली आणि या माणसांची पोटाची वाटच तुटली, याला त्या रजिस्टरात रकाना नव्हता. मला ही चूक नुसत्या अज्ञानाची वाटत नाही. उत्तर आधीच ठरवून माणसे पाहिली गेली. शहरानेही वेगळे काय केले? तेलुगू, कानडी, मराठी कामगार याच माणसांबरोबर एका गिरणीत राबत होते. शेजार होता, घरोबा नव्हता.

मुंबई प्रांताने १९४९मध्ये हा कायदा रद्द केला, देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. विमुक्त दिन पाळतात तो त्यामुळेच. मात्र १९५९मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांचा संशय पुन्हा याच वस्त्यांकडे वळत राहिला.

खरा फरक पडला तो ही माणसे स्वतः बोलू लागल्यावर. १९८०मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन आले, १९८७मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’. पांढरपेशा वाचक हादरला, कारण पहिल्यांदाच त्याला कुणी आतून सांगत होते. २००६मध्ये भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षही सोलापूरचेच, गोंधळी समाजातले बाळकृष्ण रेणके. आयोगाने २००८च्या अहवालात ही लोकसंख्या अंदाजे १० कोटी ७४ लाख मांडली. अंदाजेच, कारण जनगणनेत त्यांची स्वतंत्र मोजणी नव्हती. २०११च्या जनगणनेतही झाली नाही.