हाताची नस दुखावली असेल, तर स्प्लिंट घेण्याआधी हे वाचा

कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याकडून आमच्याकडे येणारी बरीचशी मंडळी उशिरा येतात. टाके निघालेले असतात, प्लास्टर निघालेलं असतं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की करंगळी बधिर आहे किंवा मनगट वर उचलत नाही. तोवर महिना-दोन महिने गेलेले असतात. स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, आम्ही केव्हाही बनवून देऊ, पण नस (रक्ताची नव्हे, हालचाल आणि स्पर्शाची, म्हणजे मज्जातंतू) कापली आहे की नाही हे पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे.

कोयता, विळी किंवा फुटलेली बाटली लागून हात कापला, तर टाक्यांसाठी बधिर करायचं इंजेक्शन देण्याआधी बोटं तपासून घ्यायला डॉक्टरांना सांगा. इंजेक्शननंतर सगळंच बधिर लागतं, मग काही कळत नाही. हाताच्या मुख्य नसा तीन: रेडियल, अल्नर आणि मिडियन. मनगट आणि अंगठा वर उचलता आला तर रेडियल चालू आहे. बोटं फाकवता आली आणि करंगळीच्या टोकाला स्पर्श कळला तर अल्नर ठीक. अंगठा करंगळीच्या टोकाला नीट टेकला आणि तर्जनीच्या टोकाला स्पर्श कळला तर मिडियन ठीक. शंका राहिलीच तर ‘बघू आठवड्याने’ म्हणू नका. जखम लहान दिसते म्हणून आत काही झालं नाही असं धरून चालू नका. मनगटाजवळ काच इंचभर घुसली तरी नस आणि स्नायूच्या दोऱ्या दोन्ही तुटू शकतात.

लहान मूल काय वाटतं ते सांगू शकत नाही. जखम नीट भरल्यावर त्याचा हात दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून बघा. नस तुटलेल्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत, आणि एरवी ते बोट घामाशिवाय कोरडं लागतं. आमच्याकडेही लहान मुलांच्या बाबतीत आम्ही आधी हेच बघतो.

सुरीने साफ कापलेली नस पहिल्या काही दिवसांत शिवली तर चांगलं. दंडाचं हाड मोडून मनगट लोंबलं तर गोष्ट वेगळी: तिथे नस बहुतेक वेळा फक्त चेपलेली किंवा ताणलेली असते आणि पुष्कळ जणांची काही महिन्यांत आपोआप सुधारते, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. नसेची तपासणी, म्हणजे ईएमजी, साधारण तीन आठवड्यांनंतरच खरं चित्र दाखवते. माडावरून किंवा मोटरसायकलवरून खांद्यावर आपटून अख्खा हात लुळा पडला असेल, तर मात्र मानेकडच्या नसांचा प्रश्न असतो. त्याची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांत झाली तर फायदा जास्त. गोव्यातलं बांबोळी, कोल्हापूर, मुंबई, जिथे जमेल तिथे हाताच्या सर्जनना वेळेत दाखवा. आंब्याचा हंगाम संपू दे, मग जाऊ, असं म्हणून थांबलेले आम्ही पाहिलेत.

घाई का, तर वाढणाऱ्या नसेचा वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर. मनगटावर शिवलेली नस बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला सहा महिने सहज लागतात. दंडात तुटलेली अल्नर पंजाच्या स्नायूंपर्यंत यायला दीड वर्ष उलटतं, आणि एक ते दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू पुन्हा चालू होणं अवघड.

एक स्पष्टच सांगतो. आमच्या स्प्लिंटने नस वाढत नाही. तेलाच्या मालिशनेही नाही, आणि दुकानांत मिळणाऱ्या करंटच्या मशीननेही लवकर वाढते अशी हमी आम्ही देणार नाही. स्प्लिंटचं काम एवढंच, की नस येईपर्यंत सांधे आखडू नयेत. रेडियलसाठी मनगट उचलून धरणारा, अल्नरसाठी करंगळी-अनामिकेचे मूळ सांधे वाकवून ठेवणारा, मिडियनसाठी अंगठा पंजासमोर धरणारा, असे तिन्ही वेगळे असतात. शेजाऱ्याचा जुना चालत नाही. दुसऱ्या हाताने प्रत्येक सांधा दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण उघडायचा आणि मिटायचा. हा व्यायाम फुकट आहे आणि स्प्लिंटहून महत्त्वाचा आहे.

स्प्लिंटची शीट आम्ही सुमारे ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ करून, पुसून, थेट तुमच्या हातावर घडवतो. गार होताना दोन-चार मिनिटं हात हलवायचा नाही. घरी तो उकळत्या पाण्यात, बंद गाडीत, पत्र्यावर उन्हात ठेवलात तर पुन्हा मऊ होऊन वाकडा होतो. होडीवर किंवा मासळीच्या कामाला वापरलात तर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर रिव्हेट गंजतात. पावसाळ्यात आतलं सुती अस्तर रोज बदला. लाल वळ वीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट घेऊन या, घासून देऊ. त्याचे पैसे नाहीत.

बधिर बोटाला चटका कळत नाही. चुलीवरचं टोप, चहाचा कप दुसऱ्या हाताने चाचपून मगच उचला. विडी त्या बोटांत धरू नका. रोज रात्री दिव्याखाली तळहात आणि बोटांची टोकं बघा.

फुरसं चावलं म्हणून दंडाला करकचून दोरी बांधू नका. विष थांबत नाही, नस आणि रक्तपुरवठा मात्र दबतो. हात स्थिर ठेवून सरळ दवाखाना गाठा. हाडवैद्याच्या पट्ट्यांमुळे बोटं निळी पडली, मुंग्या आल्या किंवा बोट सरळ करताना कळ आली, तर पट्ट्या ताबडतोब सोडा आणि रुग्णालयात जा.

मार न लागताच करंगळी वाकडी होत असेल किंवा अंगावर बधिर चट्टा असेल, तर आमच्याकडे येण्याआधी सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगातही अल्नर नस सुजते. त्याची गोळ्यांची पाकिटं तिथे मोफत मिळतात.

येताना डिस्चार्ज कार्ड आणि ईएमजीचा रिपोर्ट आणा. अंगठी काढून, नखं कापून या.