शॉटकट आणि डाविंची रिझॉल्व्ह: दोन्ही मोफत, मग घरच्या संगणकासाठी कोणते?

सोलापुरात मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे चित्रण घरोघरी मोबाइलमध्ये साठते. लग्नसराईत त्यात आणखी भर पडते. हे तुकडे घरच्या संगणकावर कापून-जोडून एक व्हिडिओ करायचा म्हटले, की शॉटकट आणि डाविंची रिझॉल्व्ह ही दोन नावे बहुधा एका दमात सांगितली जातात. दोन्हींना पैसे पडत नाहीत, दोन्ही विंडोज, मॅक व लिनक्सवर चालतात, आणि दोन्हींत खाली टाइमलाइन (क्लिपा क्रमाने मांडायची पट्टी) व वर चित्राची चौकट अशी ओळखीची मांडणी दिसते. त्यामुळे कोणतेही घेतले तरी फरक पडत नाही असा समज होतो. प्रत्यक्षात फरक बराच पडतो, आणि तो सोयीसुविधांच्या यादीपेक्षा आपल्या संगणकावर अधिक अवलंबून असतो.

रिझॉल्व्ह हे ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीचे उत्पादन आहे. चित्रपटांचे रंग सुधारणारी यंत्रणा म्हणून ते नावारूपाला आले, आणि ती यंत्रणा बनवणारी दा विंची सिस्टिम्स ही कंपनी ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये विकत घेतली. मोफत मिळणारे रिझॉल्व्ह ही ‘स्टुडिओ’ नावाच्या विकाऊ आवृत्तीची धाकटी आवृत्ती आहे. स्टुडिओची मूळ किंमत २९५ डॉलर असून ती एकदाच भरावी लागते. शॉटकट याउलट मुक्त-स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे. डॅन डेनेडी हे त्याचे मुख्य विकासक असून ते एमएलटी या व्हिडिओ संपादनाच्या मुक्त-स्रोत पायाभूत सॉफ्टवेअरवर उभे आहे. त्याची सशुल्क मोठी आवृत्ती नाही, म्हणून त्यात कुलूप लावलेली सोयही नाही.

हे कुलूप नेमके कुठे आडवे येते, ते रात्रीच्या चित्रणात कळते. अंधारातल्या मोबाइलच्या चित्रात दाणे उसळतात आणि ते कमी करावेसे वाटतात. रिझॉल्व्हमधील दाणे घालवण्याची साधने उत्तम आहेत, परंतु ती स्टुडिओसाठी राखून ठेवलेली आहेत; मोफत आवृत्तीत ती लावून पाहिल्यास चित्रावर वॉटरमार्क, म्हणजे सॉफ्टवेअरचा ठसा, येतो. मोफत रिझॉल्व्हबद्दल केले जाणारे ‘वॉटरमार्क नाही’ हे विधान म्हणूनच अशी राखीव साधने न वापरण्याच्या अटीवरच खरे आहे. शॉटकटमध्ये याच कामासाठी तीन-चार फिल्टर आहेत. त्यांचा परिणाम स्टुडिओच्या तोडीचा नाही, पण ते विनाअट मिळतात.

आता संगणकाकडे वळू, कारण निवडीचा खरा कस तेथेच लागतो. रिझॉल्व्ह आपले बहुतेक काम ग्राफिक्स कार्डावर टाकते. विंडोजसाठी कंपनी १६ जीबी रॅम सुचवते, त्यातील फ्यूजन हा विशेष दृश्य-परिणामांचा विभाग वापरायचा असेल तर ३२ जीबी, आणि त्याखेरीज स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवे असते. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेल्या ८ जीबीच्या संगणकात असे कार्ड बहुधा नसते. अशा यंत्रावर रिझॉल्व्ह उघडलेच, तरी दोन क्लिपा जोडताना चित्र अडखळू लागते आणि मनुष्य वैतागून संपादनच सोडून देतो. शॉटकटची अपेक्षा माफक आहे: एचडी चित्रासाठी ८ जीबी आणि ४के चित्रासाठी १६ जीबी रॅम. संगणक त्याहून दुबळा असल्यास त्यातील प्रॉक्सीची सोय चालू करावी. मग काम करताना प्रत्येक क्लिपची हलकी प्रत वापरली जाते आणि शेवटी व्हिडिओ तयार होताना मूळ क्लिप घेतली जाते. रिझॉल्व्हमध्येही प्रॉक्सी आहे, मात्र प्रॉक्सीने क्लिपचा भार हलका होतो, सॉफ्टवेअरचा होत नाही.

मोबाइलच्या चित्रणाची आणखी एक खोड आहे. बरेच फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम न घेता प्रकाशानुसार त्यांची संख्या बदलत राहतात, आणि अशी क्लिप लांब असली की शेवटाकडे ओठ व आवाज यांचा मेळ सुटतो. शॉटकट अशी क्लिप ओळखून, ती संपादनास सोयीच्या स्वरूपात बदलून घेण्याचा पर्याय स्वतःहून पुढे करते. फाइल मोठी होते, तरीही तो स्वीकारावा. रिझॉल्व्हमध्ये वेगळी काळजी घ्यावी लागते: क्लिपा टाइमलाइनवर घेतल्यानंतर तिचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलता येत नाही, म्हणून तो सुरुवातीलाच ठरवून टाकावा.

जुन्या संगणकावर लिनक्स टाकलेले असल्यास प्रश्न लवकर सुटतो. मोबाइलमध्ये साधारणपणे वापरले जाणारे एच.२६४ व एच.२६५ हे व्हिडिओ साठवण्याचे प्रकार लिनक्सवरील मोफत रिझॉल्व्ह उघडत आलेले नाही. प्रत्येक क्लिप आधी रूपांतरित करावी लागते. तेथे शॉटकट घ्यावे.

सर्वांत कमी बोलला जाणारा, पण पुढे महाग पडू शकणारा फरक प्रकल्प कोठे साठतो याचा आहे. शॉटकटमध्ये आपण केलेली कापणी-जोडणी एका लहान एमएलटी फाइलमध्ये राहते, आणि ती फाइल क्लिपांच्याच फोल्डरमध्ये ठेवली तर पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर काम पुढे चालवता येते. रिझॉल्व्ह मात्र प्रकल्प स्वतःच्या संग्रहात ठेवते, क्लिपांच्या फोल्डरमध्ये नव्हे. क्लिपांचे फोल्डर जपून ठेवले म्हणजे सगळे सुरक्षित आहे, अशा समजुतीने कोणी विंडोज नव्याने टाकून घेतले, तर क्लिपा शाबूत राहतात आणि लग्नाच्या व्हिडिओवर केलेली मेहनत जाते. ती वाचवण्यासाठी प्रकल्प डीआरपी फाइल म्हणून वेगळा एक्स्पोर्ट करावा लागतो. उलट बाजूने हेही ध्यानात असावे, की शॉटकटच्या त्या लहान फाइलमध्ये चित्र नसते. क्लिपा पुसून टाकल्यास तिचा उपयोग नाही.

एवढे असूनही रिझॉल्व्हचे पारडे जेथे जड आहे तेथे ते निर्विवाद जड आहे. हळदीच्या मांडवात एका कॅमेऱ्याचे चित्र पिवळे आणि दुसऱ्याचे निळसर आले असेल, तर ते एकमेकांशी जुळवण्यासाठी रिझॉल्व्हच्या रंगविभागाइतके समर्थ साधन फुकटात दुसरे नाही, असे माझे मत आहे. आवाजासाठीही त्यात फेअरलाइट हा स्वतंत्र विभाग आहे. मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंतचे चित्र सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत देते, आणि घरगुती कामाला त्याहून अधिक काही लागत नाही. तेव्हा १६ जीबी रॅम व चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घरात असेल, शिकण्यास काही आठवडे द्यायची तयारी असेल, आणि पुढे चित्रीकरणाचा व्यवसाय करण्याचा विचार असेल, तर रिझॉल्व्हच शिकावे. वर्षातून दोन-चार व्हिडिओ करणाऱ्याने त्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

मराठी शीर्षकांची पारखही आधीच करून घ्यावी. निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘श्री सिद्धेश्वर’ लिहून पाहावे. जोडाक्षरे तुटली, तर प्रथम युनिकोड देवनागरी फॉन्ट निवडून पाहावा. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून घेतलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत असेल, तर तो येथे चिकटवल्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा नव्याने टंकित करावा. तरीही जमले नाही, तर शीर्षक दुसऱ्या एखाद्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पार्श्वभूमीवर तयार करून पीएनजी चित्र म्हणून वरच्या ट्रॅकवर ठेवावे. हा उपाय शॉटकट आणि रिझॉल्व्ह या दोन्हींत सारखाच चालतो.