शैलचित्राचं वय कसं काढतात?

गेरूत कार्बन नसतो. शैलचित्रांचा काळ ठरवताना पहिली अडचण येते ती इथेच. जगभरातली असंख्य चित्रं गेरूने, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडने काढलेली आहेत आणि तिथे कार्बन-१४ पद्धत, म्हणजे सजीवांच्या अवशेषातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची रीत, चालत नाही. फ्रान्समधल्या शोवे गुहेत चित्रकारांनी कोळसाही वापरला होता. त्यामुळे १९९४ साली ती सापडल्यावर चित्रातलाच कणभर कोळसा तपासता आला आणि तिथली सर्वांत जुनी चित्रं सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची निघाली.

त्याआधी अभ्यासकांची बरीचशी भिस्त शैलीवर असे. ओबडधोबड ते आधीचं, सफाईदार ते नंतरचं. हा आडाखा शोवेतल्या सिंहांनी आणि गेंड्यांनी पार मोडून काढला. सफाई बघून माणूस जोखण्याची खोड त्याहून जुनी आहे. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेच्या छतावरचे बायसन १८७९ साली मार्सेलिनो सान्स दे साउतुओला आणि त्यांची लहान मुलगी मारिया यांना दिसले. इतकं कसदार काम अश्मयुगातल्या माणसाच्या हातून होणं शक्य नाही, असं म्हणत फ्रेंच पुरातत्त्वज्ञ एमिल कार्ताइयाक यांच्यासारख्या मातब्बरांनी ते उडवून लावलं. १९०२ मध्ये कार्ताइयाक यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली, पण साउतुओला १८८८ मध्येच वारले होते. याची हळहळ आजही वाटते.

रंगच बोलत नसेल तर त्याच्या वर आणि खाली काय आहे ते बघायचं, ही युक्ती मला या शास्त्रातली सगळ्यात देखणी वाटते. ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्ली भागात खडकाच्या छतावर जवळजवळ दोन मीटर लांबीचा कांगारू रंगवलेला आहे. तिथे कुंभारीण माश्या पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरटी बांधत आल्या आहेत. त्या मातीत वणव्यातल्या कोळशाचे बारीक कण असतात आणि त्यांचं वय कार्बन-१४ने काढता येतं. काही घरटी चित्राच्या खाली दबलेली, म्हणजे आधीची. काही चित्रावर बांधलेली, म्हणजे नंतरची. या दोन्हींच्या मधे कांगारू सापडला : साधारण १७,३०० वर्षांपूर्वीचा. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला.

चुनखडीच्या गुहांमध्ये हेच काम पाणी करतं. झिरपणाऱ्या पाण्यात युरेनियम विरघळतं, थोरियम जवळपास विरघळत नाही. म्हणून चित्रावर साचलेल्या कॅल्साइटच्या (चुनखडीतल्या खनिजाच्या) ताज्या थरात युरेनियम असतं आणि त्याचं ठरावीक वेगाने थोरियम होत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं की थराचं वय कळतं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एका रानडुकराभोवती माणसासारख्या तीन आकृत्या आहेत. त्यांच्यावरच्या पापुद्र्याचा छेद घेऊन लेझरने रंगालगतचा भाग नेमका तपासला, तेव्हा ५१,२०० वर्षं हा आकडा आला. वय थराचं आहे. खालचं चित्र त्याहून जुनंच असणार, किती जुनं ते थर सांगत नाही.

ही पद्धत वादातीत मात्र नाही. २०१८ मध्ये स्पेनमधल्या तीन गुहांतल्या काही खुणा ६४,००० वर्षांहून जुन्या, म्हणजे निअँडरथल या आता नामशेष झालेल्या मानवाच्या, असल्याचा दावा झाला. थरातलं युरेनियम नंतरच्या पाण्याने धुऊन गेलं असेल तर वय फुगून येतं, असा विरोधकांचा मुद्दा आहे. तो निकालात काढल्याशिवाय या दाव्यावर शिक्कामोर्तब करू नये, असं माझं मत आहे.

उघड्यावरच्या कातळशिल्पांना ना रंग, ना पापुद्रा. पोर्तुगालमधल्या कोआ नदीच्या खोऱ्यात धरणाचं काम सुरू असताना खडकात कोरलेल्या घोड्यांवरून आणि रानबैलांवरून मोठा वाद पेटला. शैली बघणारे त्यांना अश्मयुगीन मानत, तर खडकाच्या पृष्ठभागाची तपासणी करणारे काही तज्ज्ञ ती बरीच अलीकडची ठरवत. धरण थांबलं, १९९८ साली खोरं जागतिक वारसा यादीत गेलं. पुढच्याच वर्षी फारिसेऊ इथे मातीत गाडलेला एक कोरीव खडक उघडा पडला. त्याच्या रेषांवर साचलेले थर अश्मयुगातले होते.