लघुग्रहांचा पट्टा

मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यान सूर्याभोवती फिरणाऱ्या खडकाळ, धातुमय आणि काही प्रमाणात बर्फ असलेल्या लहान पिंडांचा (लघुग्रहांचा) विभाग. सूर्यापासून साधारण २.१ ते ३.३ खगोलीय एकके (ख. ए.; १ ख. ए. = सु. १५ कोटी किमी.) अंतरात तो पसरलेला आहे. यातील सर्व पिंडांचे मिळून वस्तुमान चंद्राच्या जेमतेम ३ टक्के भरते. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग एकट्या सेरेसचा (व्यास सु. ९४० किमी.) आहे. सेरेस, व्हेस्टा, पॅलस व हायजिया हे चार पिंड वगळले, तर पट्ट्याचे निम्म्याहून कमी वस्तुमान शिल्लक राहते. सेरेसला २००६ पासून बटुग्रह (गोलाकार, पण आपली कक्षा इतर पिंडांपासून मोकळी न केलेला पिंड) म्हणतात.

‘पट्टा’ या शब्दामुळे दाटीवाटीचे चित्र डोळ्यांपुढे येते, ते खरे नाही. एक किमी. व्यासाचा लघुग्रह बारीक मोहरीच्या दाण्याएवढा मानला आणि असा एक दाणा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर ठेवला, तर तेवढाच दुसरा दाणा सरासरीने भायखळ्याच्या आसपास (सु. ४ किमी. दूर) सापडेल. १९७२-७३ मध्ये पायोनियर १० हे यान पट्टा ओलांडून सुखरूप पार गेले. त्यानंतरच्या यानांनाही येथे कधी अडथळा झालेला नाही.

शोध : टिटियस व बोडे यांनी मांडलेल्या ग्रहांतरांच्या नियमानुसार २.८ ख. ए. अंतरावर एक ग्रह हवा होता. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील पालेर्मो येथे खगोलज्ञ पियाझ्झी यांना सेरेस दिसला. तो पुढे सूर्यतेजात हरवला आणि जर्मन गणितज्ञ गाउस यांनी गणिताने काढलेल्या कक्षेमुळे वर्षअखेरीस पुन्हा सापडला. पॅलस (१८०२), जूनो (१८०४) व व्हेस्टा (१८०७) त्यापाठोपाठ आले. नेपच्यूनचे अंतर या नियमात बसत नसल्याने आज नियमालाच भौतिक आधार मानला जात नाही. भारताचा वाटाही जुना आहे : १८६१ मध्ये इंग्रज खगोलज्ञ पॉग्सन यांनी मद्रासच्या वेधशाळेतून ६७ क्रमांकाचा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून लागलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’.

उत्पत्ती : एक ग्रह फुटून त्याचे तुकडे झाले, ही जर्मन खगोलज्ञ ऑल्बर्स यांची कल्पना मराठी वाचकांच्या मनात अजून घर करून आहे. ती आता टिकत नाही. एक तर सगळे तुकडे जोडूनही चंद्राएवढा पिंड होत नाही. दुसरे म्हणजे अशनींचे (अवकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांचे) रासायनिक व समस्थानिकीय (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचे) पृथक्करण एका नव्हे, तर अनेक जनक-पिंडांकडे बोट दाखवते. हा फुटलेला ग्रह नसून घडूच न शकलेला ग्रह आहे, असे म्हणणे अधिक योग्य. सु. ४५७ कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवतीच्या वायू व धुळीच्या तबकडीत ग्रहाणू (ग्रह घडविणारे लहान पिंड) तयार होत असताना गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने येथील कक्षा ढवळून निघाल्या. टकरींचा सापेक्ष वेग सेकंदाला सु. ५ किमी.पर्यंत चढला आणि पिंड एकमेकांना चिकटण्याऐवजी फुटू लागले.

खरा वाद पुढे आहे : मूळ द्रव्य किती होते? जुन्या मतानुसार येथे पृथ्वीएवढे किंवा त्याहून अधिक द्रव्य होते व त्यातील बहुतेक पुढे बाहेर फेकले गेले. २०११ मध्ये मांडलेल्या एका प्रतिमानात गुरू आधी सु. १.५ ख. ए.पर्यंत आत सरकतो, मग शनीच्या प्रभावाने माघारी फिरतो आणि या येरझाऱ्यात पट्टा रिकामा होऊन पुन्हा भरतो. २०१७ च्या सुमारास याच्या नेमके उलट मत पुढे आले : पट्टा मुळात जवळजवळ रिकामाच होता आणि आज दिसणारे पिंड दोन्ही बाजूंनी येऊन वसलेले आहेत. कोणतेही प्रतिमान निर्णायक ठरलेले नाही. तरीही कार्बनयुक्त व इतर अशनींच्या समस्थानिकांत स्पष्ट फरक आढळतो आणि व्हेस्टा व सेरेसला भेट देणाऱ्या डॉन यानाला सेरेसवर अमोनियायुक्त (म्हणजे सूर्यापासून दूरच्या थंड भागाशी नाते सांगणारी) खनिजे मिळाली. त्यामुळे बाहेरच्या भागातील काळपट पिंड गुरूपलीकडून आले असावेत, या मताचे पारडे जड वाटते.

रचना व उत्क्रांती : आतील भागात सिलिकेटी (एस), तर बाहेर कार्बनयुक्त (सी) प्रकार अधिक, धातुमय पिंड थोडे. कक्षांच्या वितरणात २.५०, २.८२ व ३.२८ ख. ए. या अंतरांवर ठळक फटी दिसतात. तेथील पिंडाचा परिभ्रमणकाल गुरूच्या अनुक्रमे एकतृतीयांश, दोनपंचमांश व निम्मा येतो, हे अमेरिकन खगोलज्ञ कर्कवुड यांनी १८६६ मध्ये दाखविले. वारंवार एकाच ठिकाणी बसणाऱ्या गुरूच्या ओढीने कक्षेची विमध्यता (लांबटपणा) वाढते आणि पिंड पट्ट्याबाहेर पडतो. सारख्या कक्षांची ‘कुटुंबे’ जपानी खगोलज्ञ हिरायामा यांनी १९१८ मध्ये ओळखली; ती जुन्या टकरींचे अवशेष होत. तापलेल्या पृष्ठभागावरून होणाऱ्या उष्णतेच्या उत्सर्जनाने लहान तुकडे लाखो वर्षांत हळूहळू सरकत फटींपर्यंत पोचतात व त्यांतले काही पृथ्वीकडे वळतात. १९९४ मध्ये राजस्थानात लोहावट येथे पडलेला अशनी व्हेस्टाच्या गटातला मानतात. लोणारचे विवर घडविणारा पिंडही पट्ट्यातूनच आला असावा. त्या विवराचे वय पूर्वी सु. ५० हजार वर्षे सांगत. आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीने) मात्र ते साडेपाच लाखांच्या आसपास येते आणि तेच अधिक ग्राह्य दिसते.

मुंबईतून निरीक्षण : व्हेस्टा प्रतियुतीच्या वेळी (पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना) ५ ते ६ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा लहान, तर पिंड अधिक तेजस्वी) उजळतो. काळ्याभोर आकाशात तो नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. मुंबईच्या दिव्यांच्या उजेडात ते शक्य नाही आणि पावसाळ्यात तर आकाशच झाकलेले. वरळीचे नेहरू तारांगण (१९७७) आणि कर्जत मार्गावरील वांगणी येथे आकाशदर्शनाचे रात्रभराचे कार्यक्रम करणारे खगोल मंडळ यांच्यामुळे अनेक मुंबईकरांची या विषयाशी पहिली ओळख होते. घरच्या गच्चीवरूनही साध्या द्विनेत्रीने व्हेस्टा गाठता येतो. प्रतियुतीच्या सुमारास तो आकाशाच्या ज्या भागात असेल, तेथले सगळे ठिपके कागदावर टिपून ठेवावेत व दुसऱ्या रात्री तीच जागा पुन्हा पाहावी. जो ठिपका चंद्रबिंबाच्या जवळपास अर्ध्या रुंदीएवढा सरकलेला असेल, तो व्हेस्टा.