चिमणी उंच, धूर शेजाऱ्याकडे

जुलै 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांसाठीचे सल्फर डायऑक्साइडचे नियम सैल केले. डिसेंबर 2015 मध्ये या वायूला मर्यादा घातली, तेव्हा धूर धुऊन काढणारी यंत्रणा सगळीकडे बसेल असं गृहीत होतं. मग मुदतीमागून मुदती वाढत गेल्या आणि शेवटी देशातले तीन चतुर्थांशांहून जास्त संच त्या मर्यादेतूनच वगळले गेले. हे संच मोठ्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित पट्ट्यांपासून दूर आहेत. त्यांच्यासाठी अट उरली ती चिमणीच्या उंचीची, आणि तीही 31 डिसेंबर 2029 पर्यंत पुरी करायची.

आम्लवर्षेची गोष्ट या उंचीपाशीच सुरू होते.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये धुण्याचा सोडा करणारे कारखाने होते. मिठावर गंधकाम्ल ओतायचं, की हायड्रोजन क्लोराइडचे लोट निघायचे. आसपासची झाडं वाळायची, शेतकरी कोर्टात जायचे. कारखानदारांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे उंच चिमणी. ग्लासगोच्या सेंट रोलॉक्स कारखान्याने 1842 मध्ये सुमारे 133 मीटर उंचीची बांधली. दोन कुतुबमिनारांना थोडीच कमी. पाण्याच्या धारेखालून वायू नेला की आम्ल पाण्यात उतरतं, हे विल्यम गॉसेजने 1836 मध्येच दाखवून दिलं होतं. पण सक्ती आली ती 1863 च्या अल्कली कायद्याने: या वायूचा 95 टक्के भाग पकडलाच पाहिजे. त्या कायद्याखालचा पहिला निरीक्षक होता रॉबर्ट अँगस स्मिथ. मँचेस्टरच्या पावसाचे नमुने तो 1850 च्या सुमारासच तपासत होता, आणि ‘आम्लवर्षा’ हा शब्द रूढ होण्याचं श्रेय त्याच्या 1872 च्या ग्रंथाला जातं. पुढची नव्वदेक वर्षं तो ग्रंथ फारसा कुणी उघडला नाही.

डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर विषारी धुकं बसलं. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे 4,000 माणसं दगावली. 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, घरोघरच्या शेगड्यांतला कोळसा कमी झाला, आणि वीजकेंद्रं गावाबाहेर गेली. त्यांच्या चिमण्या मात्र वाढत गेल्या. इंग्लंडमधल्या ड्रॅक्स वीजकेंद्राची 259 मीटर. कॅनडात सडबरीच्या निकेल भट्टीची, 1972 मधली, 381 मीटर. जवळपासची हवा खरोखर सुधारली, आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

पण कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचा स्वभाव असा, की चिमणीजवळ तो थोडाच खाली बसतो. उंचावर सोडला तर वाऱ्याबरोबर कितीतरी दिवस फिरतो, वाटेत ऑक्सिजन आणि बाष्प घेऊन गंधकाम्ल बनतो आणि शेकडो किलोमीटरवर पावसातून उतरतो. म्हणजे उंच चिमणीने धूर नुसता लांब नेला नाही, तर त्याला आम्ल व्हायला सवडही दिली. इंग्लंडच्या कोळशाचं आम्ल उतरलं ते दक्षिण नॉर्वे आणि स्वीडनच्या तळ्यांत. तिथला खडक ग्रॅनाइटचा, माती पातळ, आणि आम्ल मारायला चुना जवळजवळ नाही. सामू, म्हणजे पीएच (जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्ल), घसरला की मातीतलं अॅल्युमिनियम सुटून पाण्यात येतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं. तळं वरून मात्र नितळ दिसतं, इतकं की पाहणाऱ्याला ते निरोगी वाटावं.

स्वीडिश मृदाशास्त्रज्ञ स्वान्ते ओडेन यांनी 1967 मध्ये एका दैनिकात हा संबंध मांडला. हे राष्ट्राराष्ट्रांतलं एक रासायनिक युद्धच आहे, असा त्यांचा सूर होता. संयुक्त राष्ट्रांची 1972 ची स्टॉकहोम पर्यावरण परिषद भरवण्यामागे स्वीडनची ही तक्रारही होती. पुढे 1979 मध्ये जिनिव्हात सीमापार प्रदूषणाचा करार झाला, आणि 1985 मध्ये हेलसिंकीत गंधकाचं उत्सर्जन 30 टक्क्यांनी घटवायचं ठरलं. ब्रिटनने त्यावर सही केली नाही. मासे आमच्याच धुराने मेले याचा पुरावा पुरेसा नाही, असं तिथलं वीजमंडळ म्हणत राहिलं. (10 एप्रिल 1974 रोजी खुद्द स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्रीत 2.4 सामूचा पाऊस पडला होता, जवळजवळ लिंबाच्या रसाइतका आंबट.) शेवटी 1986 मध्ये काही मोठ्या केंद्रांना धूर धुण्याची यंत्रणा लावायचं कबूल झालं. त्यात ड्रॅक्सही होतं. अमेरिकेने 1990 च्या कायद्याने सल्फर डायऑक्साइड सोडण्याच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीचा बाजारच उघडला, आणि उत्सर्जन अपेक्षेपेक्षा कमी खर्चात उतरलं.

आपल्याकडे आम्लवर्षा म्हटलं की पाठ्यपुस्तकातला ताजमहाल आठवतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि गंधकाम्लाने त्याचं जिप्सम होतं, हे खरंच आहे. मथुरेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यापासून आग्र्याच्या भट्ट्यांपर्यंतचा तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 1996 च्या निकालापर्यंत गेला. पण घुमटाच्या पिवळटपणाची पुढे तपासणी झाली तेव्हा मुख्यतः धूळ आणि जळणातून येणारे कार्बनचे कण सापडले.

एवढा कोळसा जाळूनही भारतातला पाऊस युरोपइतका आंबट झाला नाही, याचं बरंचसं श्रेय त्याच बदनाम धुळीला जातं. आपल्या हवेतल्या मातीत चुना असतो, तो आम्ल जागच्या जागी मारतो. देशावरच्या काळ्या रानात चुनखडीचे खडे सहज सापडतात, तिथली जमीन बराच मारा सोसेल. कोकणातल्या जांभ्याचं तसं नाही. शतकानुशतकांच्या पावसाने त्यातला चुना केव्हाच धुऊन नेलाय, तिथला सामू आधीच खाली आहे. शिवाय ऐन पावसाळ्यात हवेतली धूळही बसलेली असते.

नियम सैल करण्यामागची सरकारची बाजू अशी: भारतीय कोळशात गंधक कमी, आणि शहरांत मोजलेली सल्फर डायऑक्साइडची पातळी मर्यादेच्या आत. यातलं काही खोटं नाही. पण चिमणीच्या आसपास वायू मोजला की ब्रिटनमध्येही आकडे चांगलेच यायचे. तोच वायू पुढे सल्फेटचे बारीक कण होऊन दूरच्या गावांत श्वासाबरोबर आत जातो, आणि तिथे तो मोजला जातो तेव्हा नोंदीत ‘सूक्ष्म धूलिकण’ म्हणून येतो.